सावळा, तीन नंबर

नळेगाव रोडला, टायर रिमोल्डिंगच्या दुकानाला चिकटून
आमचा स्टुडिओ. पडदा एकच उरलाय,
निळा, पासपोर्टवाला.
मागच्या खोलीत डबा.
डबाच म्हणतो आम्ही त्याला:
दोन हजार बारा सालचा कॉम्प्युटर,
साइडचं पत्र काढलेलं, आत तोंड करून टेबल फॅन,
आणि त्यात ते सॉफ्टवेअर,
लातूरच्या एकाकडून घेतलेलं, सीडीवर.
पावती मागितली तर तो हसला होता.

बारा वर्षं त्यानं काही मागितलं नाही,
ना महिन्याचं भाडं, ना पासवर्ड.
लाइट गेली की मात्र
इन्व्हर्टर टिटिट करेपर्यंत
सेव्ह, सेव्ह म्हणत नसरीनची बोटं पळतात.

परवा कंपनीचा पोरगा आला,
शर्ट इन केलेला.
आता सगळं क्लाउडवर, सर.
इथं ढगावर ठेवा म्हटलं
की माणूस आधी वर बघतो,
मग खिसा चाचपतो.
महिन्याला सोळाशे. आणि नाही भरले तर?
"फोटो राहतील सर, फक्त उघडणार नाहीत."
म्हणजे गहाणच की.

त्यानं एक बटण दाखवलं. दाबलं.
स्क्रीनवर होते देवणीचे गुंडप्पा बिराजदार,
पुण्यस्मरणाच्या फ्लेक्ससाठी आलेले.
क्षणात गोरे झाले.
गालावरचे देवीचे वण गेले,
कपाळाच्या आठ्या गेल्या.
त्यांची लेक बाकड्यावर बसली होती,
तिनं विचारलं, हे कोण?

माझे आप्पा निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे,
टोक ब्लेडनं तासून सुईसारखं.
म्हणायचे, पुटकुळी काढ, रंग काढू नको,
रंग त्याच्या आईचा आहे.
डब्यात त्या वाक्याची एक फाइल आहे,
'सावळा ३'.
एक आणि दोन चुकले होते.
तीन नसरीननं बनवला, चार महिने बसून,
उन्हानं भाजलेल्या मानेला निराळा,
बाहीखालच्या दंडाला निराळा.

पोराला म्हणालो, कळवतो.
तो गेला, आणि नसरीन माऊस सोडून बसली.
"काका, क्लाउडचं घ्या."
का गं?
"बिदरला द्यायलेत मला. सतरा तारखेला.
डबा काय माझ्यासंगं येणार नाही.
ढगावर असंल तर तिथूनबी करीन.
ते लोक हो म्हणलेत.
मीच विचारलं, पहिल्याच बैठकीत."

मी पंख्याकडे बघत राहिलो.
आठवडाभर सोळाशे गुणिले बारा करत होतो
कॅलेंडरच्या पाठीवर.

आणि सावळा?
"आकडे पाठ हायत मला."
म्हणूनही दाखवले, पाढे म्हणावेत तसे:
लाल अधिक चार, पिवळा अधिक सहा,
उजेड...
तिथं थांबली.
"उजेडाला हात लावायचा नाही."

भरले पहिले सोळाशे.
एका लग्नाचे फोटो चढवायला लावले रात्री अकराला.
सकाळी चार टक्के.
दुपारी लाइट गेली, पुन्हा शून्य.

तर आता असं आहे:
पासपोर्ट, फ्लेक्स, घाईचं बारकंसारकं ढगावरून जातं.
लग्नं हार्ड डिस्कमध्ये,
हार्ड डिस्क टॉवेलात, टॉवेल स्टीलच्या डब्यात,
डबा सव्वासातच्या बिदर गाडीला,
कंडक्टर सोनकांबळेंच्या सीटखाली.
तिकडे स्टँडवर तिचा दीर उभा असतो.
सोनकांबळे विचारतात,
लेकराला भाकरी पाठवता का हो एवढी?
मी हो म्हणतो.

जुन्या डब्यावर अजून रोज कापड मारतो.
पंखा लावतो, काम नसलं तरी.

काल तिकडून एक फाइल आली,
नाव 'सावळा ४'.
अजून उघडली नाही.
लाइट आली की बघू.