कुळागर

केरीच्या कुळागरात, पोफळीच्या मुळाशी
पुरसो माजिकाच्या कुदळीनं ते वर काढलं:
जांभळट, ओलं, वीतभर,
अंगावर बांगड्यांसारखी वळी.
"साप," म्हणून त्यानं कुदळ पुन्हा उचलली.
इनासिया चिखलात चप्पल सोडून धावली.

मी वहीत लिहिलं: पाय नाहीत.
"लिही," ती म्हणाली, "पण त्यावर विसंबू नकोस.
गांडुळाला पाय कधी नव्हतेच,
सापाचे गेले, ह्याचे वेगळे गेले.
मातीनं तिघांना एक आडनाव दिलं,
एवढंच."

तळहातावर ते वळवळत होतं.
"माझंच बघ ना. रिबेलो.
कुण्या पाद्रीनं एका सकाळी
अख्ख्या वाड्याला वाटलेलं.
शेजारी रिबेलो, विहिरीपलीकडे रिबेलो,
रक्ताचं कुणी नाही.
आणि फोंड्याकडच्या एका देवळात,
जिथं एकही रिबेलो नाही,
पप्पा अजून दर वर्षी तेलाची बाटली पाठवतात.
नातं हवं असेल तर
पाटी वाचू नये, बाटलीच्या मागे जावं."

ह्याची बाटली म्हणजे दात.
ताळगावच्या प्रयोगशाळेत, जुन्या बरणीतल्या जबड्यात
भिंगाखाली ते मी पाहिले:
बुंधा वेगळा, माथा वेगळा,
मध्ये मऊ सांधा, जणू झाकण बसवलंय.
असाच बेडकाचा.
कुणी मुद्दाम जपलेला नाही,
कुणाच्या उपयोगाचा म्हणून मिरवलेला नाही,
म्हणूनच साक्षीला खरा.

मग रात्रभर यंत्र झाडं मांडत राहिलं.
अक्षरांच्या चार जाती, हजारो घरं,
आणि तुलनेला एक मासा,
कारण घरातल्या घरात कळत नाही
जुनं कोणतं आणि नवं कोणतं;
गावच्या भांडणात वेशीबाहेरचा एक पंच लागतोच.
ज्या झाडात सर्वांत कमी चमत्कार मानावे लागतात
ते वर ठेवायचं.
एका फांदीशी आकडा आला: शंभरात त्र्याण्णव.
खालच्या फांदीशी एकावन्न.
इनासियानं एकावन्नला पेन्सिलीनं गोल केला
आणि चहा करायला गेली.

दूर कुठल्या वाळवंटाच्या खडकात
ह्याच्या घराण्यातला एक सापडलाय.
त्याला पाय होते.
चार, इवले, जवळजवळ निकामी.
"म्हणजे ह्याचा पणजा?" मी विचारलं.
"चुलता म्हण. मेलेला प्रत्येकजण
कुणाचा तरी बाप असतोच असं नाही."

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी वंशावळ आहे,
काकांनी काचेत बसवलेली.
त्यात एकही बाई नाही.
चौदा पिढ्या पुरुषांना पुरुष झाले.
इथे पेशीतला एक धागा
फक्त आईकडून येतो,
आणि त्याच्यावरून माग काढत
लाखो वर्षं मागे जाता येतं.
त्या रात्री मी आईला फोन केला,
तिच्या आजीचं नाव विचारायला.
तिला आठवेना.
"गोरी होती," म्हणाली. "पायली म्हणायचे बहुतेक."

सकाळी पुन्हा केरी.
कापसाच्या काडीवर थोडी बुळबुळ घेतली होती,
बाकी सगळं त्याला परत.
पुरसोनं झाडाचं चित्र उलटंसुलटं पाहिलं.
"हा बेडूक. हा माझावाला.
आणि हे दोन जिथं मिळतात तो कोण?"
"ठाऊक नाही."
"नाव तरी?"
"नाव ठेवणारा तेव्हा जन्मायचा होता."

पुरसो थोडा वेळ गप्प राहिला.
मग पोफळीखालची माती त्यानं हातानंच उकरली,
कुदळीला हात लावला नाही.
ते आत सरकलं, शेपूट की डोकं कळेना.
वर ओला पाचोळा सारत तो म्हणाला,
"जा रे बेडकाच्या भावा,"
आणि ओहळावर हात धुवायला गेला.