इतिवृत्त कायम करणे

बोरिवली, विभाग कार्यालय, तिसरा मजला.
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
स्टेपलर, चष्म्याचं घर, कुणाचा तरी मोबाइल.
समितीचं नाव इतकं लांब
की पाटीवर 'शेतकरी' दुसऱ्या ओळीत गेलाय.
'सल्लागार' मात्र वर, ठळक.
मी इतिवृत्त लिहिते.
माझं मत विचारायची पद्धत नाही.

हजर: अध्यक्ष.
कृषी अधिकारी, ठाण्याहून, उशिरा.
गोरईच्या फिलोमिना कोलासो, भेंडी आणि पांढरा कांदा,
शिवाय शेतात खाडीचं पाणी शिरल्याची चार वर्षांची तक्रार.
गोवंडीची नाझनीन, वय चोवीस,
शिवणकामाच्या बंद कारखान्यात अळंबी पिकवते.
"अंधार आमच्याकडे फुकट मिळतो," म्हणाली.
कुणी हसलं नाही, म्हणून तीच हसली.
आणि आरेच्या पाड्यातून चंदरी वरठा.
दाराबाहेर एकच चपलांचा जोड होता, तिचा.
हे मी लिहिलं नाही.

विषय दोन: अर्जाचा नमुना.
रकाना तिसरा, जमीनमालकाचे नाव.
नाझनीन म्हणाली, शेठ दुबईला असतो.
फिलोमिनाबाई म्हणाल्या, सातबाऱ्यावर माझे सासरे आहेत,
ते वारले तेव्हा या इमारतीला लिफ्ट नव्हती.
चंदरी गप्प.
अधिकाऱ्यांनी सोपं करून विचारलं,
"बाई, तुमची जमीन कोणाची?"
तिने खिडकीबाहेर पाहिलं, बराच वेळ,
जणू उत्तर समोरच्या टॉवरमागे कुठेतरी चरत होतं.
"कोणाची ते बदलत असतं," ती म्हणाली.
"आधी दुधाची होती. मग पिक्चरची.
आता म्हणतात झाडांची.
काकडी मात्र आम्हीच लावतो."

पावणेदोन तास: धोरण, तरतूद, पाहणी, उपसमिती.

चहा आला.
चंदरीने कमरेची गाठ सोडली,
रिकाम्या बशीत बिया ओतल्या,
शिराळं, डांगर, लाल माठ.
"हे वाटून घ्या. सल्ला मग द्या."
अध्यक्षांनी डांगराची एक बी उचलली,
तोंडात टाकणार होते,
फिलोमिनाबाईंनी मनगट धरलं.
"कुंडीत येईल का?" नाझनीन.
"येल. मोठी पायजे. ड्रम असला तर ड्रम."
"आणि खारट जमिनीत?"
"माठ टाकून बघा, कडेला."
अधिकारी वहीच्या शेवटच्या पानावर
काहीतरी भराभरा उतरवून घेत होते.
सहा-सात मिनिटं
त्या खोलीत कुणी कुणाचं सल्लागार नव्हतं,
किंवा सगळेच होते.

ठराव: रकाना तीनमधील 'जमीनमालक' खोडून
'कसणारी व्यक्ती' असे वाचावे.
दोन शब्द. तीन बैठका लागल्या.
तेवढ्यात नाझनीन: "अळंबी कसतात का?"
पुन्हा वीस मिनिटं.
'पिकवणारी व्यक्ती.' मंजूर.
सूचक कोण, अनुमोदक कोण,
त्यावर आणखी पाच.

पुढच्या महिन्यात, नेहमीप्रमाणे,
विषय एक: मागील इतिवृत्त कायम करणे.
"वाचून दाखवा," चंदरी म्हणाली.
अकरा वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं.
माझा आवाज मलाच ओळखू येईना.
"श्रीमती वरठा यांनी बियाण्यांबाबत
मौलिक सूचना केली…"
"असं नाय बोलले मी.
वाटून घ्या म्हणाले.
घेतल्या?"

फिलोमिनाबाईंनी मान हलवली. नाझनीनने
मोबाइलवर एका निळ्या ड्रमचा फोटो दाखवला.
अध्यक्ष खिसा चाचपू लागले, त्या दिवशीचा शर्ट वेगळा असावा.
माझ्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्याच्या पॅडपाशी,
माठाची एक चिमूट पडून होती,
अर्धी जांभळी झालेली.

'मौलिक सूचना' खोडली.
वर लिहिलं: वाटून घ्या.
समासात सही, तारीख.
आणि कुणी विचारलं नसताना बोलून गेले,
"माझ्याकडे गॅलरी आहे. ऊन येतं सकाळी."

चंदरी माझ्याकडे वळली.
"कितीपर्यंत?"

"नऊ. साडेनऊ."

"पुरे," ती म्हणाली. "आजच टाक."