तिकडची आणीबाणी

रात्री दोनला मुजम्मिलचा आवाज येतो,
तिकडे ऊन कलत असतं.

‘बेटावर आणीबाणी लागली. सरकार पडेल म्हणतात.
धक्क्यावर क्रेनवाल्याला गोळ्या घातल्या,
भर दिवसा.
बँकेतून डॉलर सुटत नाहीत,
पगार पुढच्या महिन्यात बघू.
आयेला सांगू नको.’

आये जागीच, सुकट निवडत बसलेली.
काय म्हणतो?
काही नाही. तिकडेही नीरफणस लागतो म्हणे,
माडही आहेत. आपल्यासारखंच.

तिचा हात थांबतो.
‘आपल्यासारखंच म्हणजे
कोणी मारला ते सगळ्यांना ठाऊक,
आणि पंचनाम्यात बुडून मेला?’

दिलावरमामूची होडी आठवते मला,
रिकामी, इंजिन चालू.

मी फोन पालथा ठेवते.
जयगडच्या खाडीत वाळूचा पंप सुरू होतो,
रोजच्या वेळेला.