तक्रारवही

वाऱ्याची दिशा आधी लिहायची, मग वेळ.
उगवतीकडून, मंद. पहाटे चार दहा.
म्हणजे आज बिडवई सरांचा फोन येणार.
त्यांची कॉलनी मावळतीला,
गाळाच्या वाफ्यांपासून दोन लिंबं सोडून.

वास उठतो पाणी पडतं तिथं.
पडू द्यायचं नाही, उतरू द्यायचं,
एवढं कळायला मला अकरा वर्षं लागली.
झाकण घट्ट, पंखा चालू,
ओढलेली हवा नारळाच्या काथ्यातून,
लाकडाच्या ढलप्यांतून सोडायची.
त्यात जीव असतात, नजरेला न दिसणारे,
कुजक्या अंड्याच्या वासावर जगणारे.
लातूरच्या मे महिन्यात ते उपाशी मरत नाहीत,
तहानेनं मरतात.
मी झारीनं पाणी घालतो,
मिरचीच्या रोपांना घालावं तसं, बेतानं.

माझं नाक गेलंय.
सासरवाडीत आमरसाच्या पंगतीला कळलं:
सगळे म्हणाले, काय घमघमाट,
मी नुसतं गोड खात होतो.
म्हणून गंगासागरबाईला विचारतो.
ती झाडायला येते, काथ्यावर वाकते, डोळे मिटते.
"आज नासक्या कांद्यावानी."
"आज काडीपेटी."
मी तसंच लिहितो. साहेब खोडतात, आकडा मागतात.

चुन्यानं जातो. काथ्यानं जातो. झाकणानं जातो.
आडनाव सांगितल्यावर
समोरच्याच्या नाकपुडीत जो उठतो,
त्याला वहीत रकाना नाही.

ज्या वर्षी पाणी रेल्वेनं आलं
त्या उन्हाळ्याची पानं मी अधूनमधून काढतो.
गटाराची धार करंगळीएवढी, काळी, दाट.
बाईच्या तोंडावरचा पदर दिवसभर सुटत नव्हता.
आणि तक्रार?
चैत्र कोरा. वैशाख कोरा.
एका रात्री बिडवई सर फाटकाशी आले,
टँकरच्या रांगेतून तसेच, हातात रिकामी कळशी.
म्हणाले, "येतंय का हो व्यंकट, थोडं तरी?"
म्हटलं, येतंय.
"म्हणजे कुणाच्या तरी मोरीत पाणी सांडतंय,"
असं म्हणून उभे राहिले
फाटकाला धरून, छाती भरून श्वास घेत.

सहा पाच. फोन आलाच.
"आज जरा येतोय, बरं का."
बाई वाकली. बराच वेळ.
"ओलं गोणपाट," म्हणाली,
"आन् मागं कुठंतरी काडीपेटी."
मी लिहिलं,
आणि झारी भरायला गेलो.