फ्रिजमधला हिवाळा

माझी बहीण आर्डिस
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाली
आणि पहिल्याच ऑक्टोबरात
रूळ आणि नॉर्वेजियन कबरस्तान यांच्या मधल्या पट्टीतून
खिसाभर बिया घेऊन आली.
आमच्या आयोवात नांगर चुकवून राहिलेली
तेवढीच जमीन.
बिया चपट्या, कडेला कागदासारखा पातळ पापुद्रा.
पाखरांनी आपला वाटा आधीच उचललेला.

थंडी खाल्ल्याशिवाय जागं होत नाही हे बी, म्हणाली.
ओल्या वाळूत कालवून
मार्जरिनच्या डब्यात भरलं
आणि फ्रिजमध्ये ठेवलं, हेरिंगच्या बरणीला खेटून.
बाहेर उणे वीस.
मी म्हटलं, अगं, अख्खा हिवाळा दाराशी फुकट उभा आहे,
विजेचं बिल भरून तू आणखी एक कशाला पाळतेस?
बाहेर उंदीर आहेत, म्हणाली.

जानेवारीत एका रात्री
चष्मा न लावता
मी टोस्टला वाळू फासली.

मे महिन्यात वाफ्यात एक पान.
वर्षभर तेवढंच.
पुढच्या साली दोन. त्याच्या पुढच्या साली चार,
कातरलेली, मांजराच्या जिभेसारखी खरखरीत.
शेजारच्या कुंड्यांतल्या पिटुनिया तोवर
फुलल्या, मेल्या, पुन्हा विकत आल्या.
"चढतंय कुठे हे?" मी विचारलं.
"उतरतंय," ती म्हणाली.

चौथ्या उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या पोरानं, केल्टननं,
ते साफ भादरलं.
टोपी हातात घेऊन उभा राहिला बिचारा.
आर्डिसनं त्याला ठरलेले पैसे दिले.
रात्री बॅटरी घेऊन मी एकटाच बाहेर गेलो.
बुडख्यावर डिंकाचा थेंब होता.
मी त्या रोपाला पहिल्यांदा हात लावला तो तेव्हा.
साबणानं गेला नाही तो वास, दोन दिवस.

तीन आठवड्यांनी पानं परत आली,
कडा एक उत्तरेला, एक दक्षिणेला,
जणू मधे काही घडलंच नव्हतं.

मग आर्डिसचे गुडघे गेले.
ती आता गावात असते, तळमजल्यावर,
नर्स हाकेच्या अंतरावर.
घर विकून तूही ये, सगळे म्हणाले.
रोप हलत नाही, मी म्हटलं.
मूळ दोन पुरुष खाली गेलंय त्याचं,
कुदळ कुठवर पुरणार?
लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

या जुलैत देठ आला.
कमरेला लागला, खांद्याला लागला,
मग मलाच मान वर करावी लागली.
वर पिवळं फूल.
फोन केला. बराच वेळ ती बोललीच नाही.
मग म्हणाली, "तोंड कुठे आहे?"
"पूर्वेला."
"हं," म्हणाली, आणि जेवणाची घंटा झाली तिकडे.

मी एक्क्याऐंशीचा.
बी पेरल्यापासून फुलापर्यंत सात वर्षं गेली.
पुढची बेरीज मी केलेली नाही.
फ्रिजमध्ये हेरिंगच्या बरणीला खेटून एक डबा आहे,
झाकणावर माझ्या थरथरत्या अक्षरात:
लोणी नाही.