घर्षण नगण्य माना

अकरावीचं वर्ष, घाटंजी.
भौतिकशास्त्र इंग्रजीतून
आणि इंग्रजी सरांच्या वऱ्हाडीतून.

प्रश्न सातवा:
आठ किलोची भरीव चकती, तिच्यावर गुंडाळलेली दोरी,
दोरीला चार किलोची बादली.
घर्षण नगण्य माना. बादलीचं त्वरण काढा.

दोरीतला ताण म्हणजे बादलीचं वजन
असं मी तीनदा लिहिलं,
तीनदा उत्तर शून्य.
हात सोडलेला, तरी बादली तिथंच,
विहिरीच्या तोंडाशी
सुगरणीच्या खोप्यासारखी लोंबत.

गुणवंतमामाचं सायकलचं दुकान बसस्टँडच्या मागं.
वही पाहून तो काही बोलला नाही.
पराटीच्या वावरातून आलेली एक सायकल
त्यानं उलटी केली,
टायरभर काळी माती, बोटभर जाड.
म्हणाला, फिरव.
चाक जागचं हलता हलेना.
मग त्यानं तीच माती खरवडली,
सगळीच्या सगळी मधल्या तुंब्याभोवती थापली.
आता फिरव.

"वजन किती, थे नंतर, माय.
वजन कुठं बसलं, थे पाय."

मग त्यानं प्रश्न मला मोठ्यानं वाचायला लावला
आणि शेवटच्या ओळीला असा हसला
की पान्हा हातातून पडला.
"घर्षण नाई म्हन्ते?
मंग माह्यं दुकान कायच्यावर चालन?"

रात्री लाईट गेलेली.
बॅटरी दातात धरून मी ताणाला त्रिज्येनं गुणलं,
चकतीचं अर्धं वस्तुमान, त्रिज्येचा वर्ग, कोनीय त्वरण,
आणि हलवलेल्या बोरीसारख्या
दोन्हीकडच्या त्रिज्या गळून पडल्या.
उरलं चार पूर्णांक नऊ.
अर्धंच पडणं,
कारण उरलेलं अर्धं
चाकाला जागं करण्यात खर्च झालेलं.
मागच्या पानावरही तेच होतं.
मी बॅटरी विझवली आणि अंधारात
बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज
नीट ऐकला.

आता पांढरकवड्याला शिकवते.
परवा पेपर तपासताना
मनकर्णा कुमरेचं उत्तर: चार पूर्णांक नऊ.
खाली, बारीक अक्षरात:
मॅडम, आमच्या विहिरीवरची चक्री लय कुरकुरते,
तिथं कमीच येईल.

या ओळीला गुण द्यायला
छापील कागदात जागा नव्हती.
मी लाल पेन तिथं टेकवून बसले
जरा जास्तच वेळ.
शाई फुटली, गोल पसरली,
ग्रीसच्या डागासारखी.