चालकाचं नाव

एकोणीस वर्षं रियाधमध्ये
इक्बाल हुर्झुक दुसऱ्यांच्या बायका
शाळेत, दवाखान्यात, माहेरी सोडत राहिला.
मग तिथला कायदा बदलला.
मॅडमनं एक दिवस चावी मागून घेतली,
शुक्रन म्हणाली,
आणि हा बाणकोटला परत.

वेसवीच्या जेटीवर मतं पडू लागली.
बर्फवाला म्हणाला, बायका डोईजड होतील.
मास्तर म्हणाले, उशीरच केला त्यांनी.
मला कुणी विचारलं नाही,
मी तिकिटं फाडत होते.

इक्बाल म्हणे, तिथले म्हातारेही
असंच बोलायचे सिग्नलला.
पोरी काचा वर करायच्या.
मॅडमनं पहिल्याच आठवड्यात गाडी भिंतीला घासली.
भिंत काही बोलली नाही.

आज सातच्या फेरीला
सकीनानं स्कूटी फळीवरून चढवली.
मागे तो, मांडीवर कोळंबीचा डबा,
उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबतोय.

पैसे तिनं मोजले.
पावतीवर चालकाच्या रकान्यात
माझ्या हातानं, सवयीनं
इक्बालचं नाव लिहिलं होतं.
खोडलं. वर बारीक अक्षरात तिचं.
संध्याकाळी कंत्राटदार ओरडला,
खाडाखोडीची पावती चालत नाही.